तिथी बघा, मग दुर्बीण लावा: चंद्रावरच्या सरकत्या सावल्यांचे फोटो

प्रश्न थोडक्यात असा: आठ इंची डॉब्सोनियन (हाताने वळवायच्या साध्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण आहे, आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचा मोबाईल होल्डर आहे, जमलं तर छोटा प्लॅनेटरी कॅमेराही (दुर्बिणीला जोडून ग्रह-चंद्राचं चित्रण करणारा) घ्यायची तयारी आहे. चंद्रावरच्या कोपर्निकस विवरात सूर्य उगवताना सावल्या कशा आखडत जातात, याची फोटोमालिका करायची आहे. पण पौर्णिमेला काढलेल्या फोटोत विवर धड ओळखू येत नाही आणि दोन वेगळ्या रात्रींचे फोटो शेजारी ठेवले तर ते एकाच जागेचे वाटत नाहीत. तर कॅमेरा कोणता घ्यावा आणि सेटिंग काय ठेवावं?

कॅमेऱ्याकडे येतोच, पण या कामात त्याचा नंबर तिसरा लागतो. पहिली येते ती वेळ, दुसरी हवा. तुम्ही विवराचा फोटो काढताय असं समजू नका. विवर तिथंच आहे, ते हलत नाही. तुम्ही फोटो काढताय तो त्या जागेवरून सूर्य किती अंश वर आलाय त्याचा. हा आकडा डोक्यात नसेल तर महागडा कॅमेराही दोन न जुळणारे फोटोच देणार.

पौर्णिमेचं आधी निकालात काढू. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून चंद्रावर प्रकाश टाकतो. सावल्या पडतात त्या खडकांच्या आडोशाला, आपल्याला दिसतच नाहीत. त्या दिवशी दिसतो तो फक्त जमिनीचा उजळ-काळेपणा: टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे, काळपट 'समुद्र' (गोठलेल्या लाव्हाची मैदानं), ॲरिस्टार्कस विवराचा लखलखीत ठिपका. उंचसखलपणा गायब. एराटोस्थेनिस हे चांगलं ५८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, तिरप्या उन्हात ते ठसठशीत दिसतं आणि पौर्णिमेला शोधायला बसलात तर सापडत नाही. कोजागरीला गच्चीवर दूध आटवता आटवता पाहुण्यांना चंद्र दाखवायला दुर्बीण काढतात, ती हौस ठीक आहे, पण विवरं बघायला त्याच्याइतका वाईट दिवस महिन्यात दुसरा नाही.

सावल्या हव्यात तर उजेड-अंधाराच्या सीमारेषेजवळ राहायचं. तिला आपण सगळे टर्मिनेटरच म्हणतो. शुक्ल पक्षात आपल्याला दिसणारा टर्मिनेटर म्हणजे चंद्रावरच्या सूर्योदयाची रेषा, कृष्ण पक्षात सूर्यास्ताची. ही रेषा चंद्राच्या विषुववृत्तावर तासाला सुमारे १५ किलोमीटर पुढे जाते, रमतगमत सायकल चालवणाऱ्याच्या वेगाने. अंशांत सांगायचं तर तासाला अर्धा अंश, दिवसाला साधारण १२.२ अंश.

आता हा बाराचा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे. आपली तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. म्हणजे एक तिथी सरली की टर्मिनेटर चंद्रावर १२ अंश सरकला. परदेशी पुस्तकांत 'चंद्राचं वय अमुक दिवस' असं देतात आणि त्यात दिवसाची सुरुवात कुठून धरली यावर घोळ होतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात याहून नेमकी माहिती छापलेली असते, आणि चंद्राचे फोटो काढणारे मात्र तिच्याकडे बघत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

हिशेब सोपा आहे. शुक्ल अष्टमीच्या मध्याला टर्मिनेटर चंद्राच्या बरोबर मधोमध, शून्य रेखांशावर असतो. त्याआधीची प्रत्येक तिथी म्हणजे १२ अंश पूर्वेला, नंतरची प्रत्येक म्हणजे १२ अंश पश्चिमेला. (चंद्राची पूर्व म्हणजे संध्याकाळच्या चंद्राची जी कड आपल्या मावळतीकडे असते ती. सुरुवातीला उलटं वाटतं, सवय होते.) थिओफिलस विवर २६ अंश पूर्वेला आहे, तिथे सूर्य उगवतो शुक्ल षष्ठीला. टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल हे मध्यरेषेजवळचं त्रिकूट अष्टमीला. प्लेटो, टायको, क्लेव्हियस नवमीला. तुमचं कोपर्निकस २० अंश पश्चिमेला, म्हणजे दशमी लागता लागता. गॅसेंडी एकादशीला, ॲरिस्टार्कस द्वादशीला.

यातली गंमत पुढे आहे. पंधरा तिथ्या म्हणजे १८० अंश, त्यामुळे ज्या विवरात शुक्ल दशमीला सूर्य उगवतो त्याच विवरात तो कृष्ण दशमीला मावळतो. तिथीचा आकडा तोच, पक्ष फक्त वेगळा. एकदा हे लक्षात आलं की वेगळा तक्ता पाठ करायची गरज नाही.

सणांवरूनही लक्षात ठेवता येतं. रामनवमीच्या संध्याकाळी प्लेटो आणि क्लेव्हियस, दसऱ्याला कोपर्निकस, चंपाषष्ठीला थिओफिलस, कार्तिकी एकादशीला गॅसेंडी. (गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये म्हणतात. आपल्याकडे त्या दिवशी ढगच एवढे असतात की नियम मोडायची संधी क्वचित मिळते.) मात्र एक सावधगिरी बाळगा. कॅलेंडरात त्या तारखेवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते आणि सण दिवसाच्या ठराविक भागातल्या तिथीवर ठरतात. दुपारी तीनला दशमी संपत असेल तर तुम्ही संध्याकाळी सातला दुर्बीण लावाल तेव्हा एकादशी चालू असणार आणि कोपर्निकसमधली मोठी सावली निम्मी उडालेली असणार. म्हणून तिथीसमोर छापलेली समाप्तीची वेळ बघायची.

तिथीने दिवस कळतो, तास कळत नाही. कारण चंद्र आपल्याकडे बघताना थोडा डोलतो. या डोलण्यामुळे, लायब्रेशनमुळे, चंद्राच्या चकतीचा मध्य पूर्व-पश्चिम सात-आठ अंश इकडेतिकडे होतो, म्हणजे तिथीवरून काढलेल्या वेळेत पंधरा-सोळा तासांचा फरक पडू शकतो. नेमका तास काढायला व्हर्च्युअल मून ॲटलस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात गाव आणि वेळ टाकली की 'कोलाँजिट्यूड' नावाचा आकडा मिळतो: त्या क्षणी सूर्योदयाची रेषा चंद्राच्या कितव्या पश्चिम रेखांशावर आहे ते. आकडा २० म्हणजे कोपर्निकसच्या मध्यावर सूर्य क्षितिजाला टेकलाय. २५ म्हणजे तो जवळपास पाच अंश वर आलाय. तुमच्या फोटोंच्या नावात तारखेऐवजी हा आकडा घाला. दोन रात्रींचे फोटो जुळत नाहीत याचं निम्मं उत्तर इथंच आहे: दोन्ही 'दशमीचे' असले तरी एकात सूर्य तीन अंशांवर असेल आणि दुसऱ्यात नऊवर.

या तीन आणि नऊमध्ये काय फरक पडतो ते आकड्यांत बघा. कोपर्निकस ९३ किलोमीटर रुंद आहे, कडेपासून तळापर्यंत खोली सुमारे ३.८ किलोमीटर. सावलीची लांबी म्हणजे उंची भागिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासून सूर्य जितके अंश वर त्या कोनाचा) टॅन्जंट. सूर्य ३ अंशांवर असताना पूर्वेकडच्या कडेची सावली ७२ किलोमीटर लांब पडेल. साडेतीन अंशांवर, म्हणजे तासाभराने, ६२. एका तासात दहा किलोमीटर! ५ अंशांवर ती ४३ किलोमीटर होते आणि पुढच्या तासात फक्त चार किलोमीटर आखडते. १० अंशांवर पोचेपर्यंत सावली साडेएकवीस किलोमीटर उरते आणि तासाभरात जेमतेम एक किलोमीटर सरकते. हा हिशेब ढोबळ आहे, चंद्राची गोलाई आणि आतल्या भिंतींच्या पायऱ्या त्यात धरलेल्या नाहीत, पण चाल कशी आहे ते कळायला पुरेसा आहे.

आता तुमच्या दुर्बिणीला काय दिसतं ते शेजारी ठेवा. २०० मिलिमीटर आरशाची बारकावे वेगळे दाखवण्याची क्षमता ०.५८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चंद्राच्या सरासरी अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे १.८६ किलोमीटर, म्हणजे उत्तम हवेत तुम्हाला एक-सव्वा किलोमीटरपर्यंतचा बदल पकडता येईल, नेहमीच्या हवेत दोन-तीन किलोमीटरचा. म्हणून सूर्य सहा अंशांच्या खाली असेपर्यंतच तासातासाला सावली सरकताना दिसते. त्याच्यावर गेला की एका बैठकीत फारसं काही घडत नाही, मग मालिका रात्रीमागून रात्र अशीच करावी लागते.

दशमीचा चंद्र मावळायला मध्यरात्र उलटते, पण तो तीस अंशांच्या खाली गेला की चित्र उकळायला लागतं. तेव्हा सात ते बारा असे पाच तास धरा, म्हणजे अडीच अंश. हे अडीच अंश नेमके तीन ते साडेपाच असतील अशी रात्र पकडली की काम झालं. सुरुवातीला विवराचा तळ काळाकुट्ट, पश्चिमेची आतली भिंत मात्र झगझगीत, कारण ती सूर्याकडे तोंड करून उभी आहे. मग मधल्या शिखरांची टोकं उजळतात: काळ्या डोहात दोन-तीन सुटे ठिपके. ही शिखरं किलोमीटरभर उंच आहेत. त्यांच्या टोकांवर ऊन पडल्यापासून पायथ्याच्या तळावर ऊन पोचायला दोन-अडीच तास जातात. हे दोन-अडीच तास तुमच्या मालिकेचा गाभा. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो, त्यात कुचराई नको. ठिपके आधी फुगतात, मग खाली उतरत तळाच्या उजेडाला मिळतात.

सावलीची कड जवळून पाहिलीत तर ती सुरीने कापल्यासारखी नसते हे दिसेल. चंद्रावर हवा नाही म्हणून संधिप्रकाश नाही, हे खरं. पण सूर्याची चकती तिथूनही अर्ध्या अंशाची दिसते आणि तिला क्षितिजाच्या पूर्ण वर यायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ त्या जागेवर अर्धवट ऊन असतं. लांब सावलीच्या टोकाशी हा करडा पट्टा खरा आहे. फोकस चुकला असं समजून शार्पनिंगने तो खरवडून काढू नका.

तरी माझा सल्ला विचाराल तर पहिली मालिका कोपर्निकसची करू नका, प्लेटोची करा. प्लेटो सुमारे १०० किलोमीटरचा, तळ लाव्हाने भरलेला, काळा आणि जवळजवळ सपाट. पूर्वेच्या कडेवर उंच सुळके आहेत, सूर्योदयाला त्यांच्या टोकदार सावल्या या तळावर लांबच लांब पडतात. तळ सपाट असल्यामुळे सावलीचं टोक कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येतं. कोपर्निकसमध्ये सावली पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंतीवर आणि खडबडीत तळावर पडते, टोक ओळखण्यातच नवख्याचा वेळ जातो. शिवाय प्लेटो ५१ अंश उत्तरेला असल्यामुळे तिथे सूर्य तासाला अर्धा अंश चढत नाही, एक तृतीयांशापेक्षाही किंचित कमी चढतो. सगळं जरा सावकाश घडतं. दक्षिणेला क्लेव्हियसवर हा वेग आणखी कमी. सव्वादोनशे किलोमीटरच्या त्या विवराच्या पोटात लहान विवरांची एक कमान आहे. सूर्योदयाला तळ अंधारात असताना त्या लहान विवरांच्या कडा आधी उजळतात आणि अंधारात तरंगणाऱ्या अंगठ्या दिसतात. हे चार इंची दुर्बिणीतूनही सुरेख दिसतं.

नवमीलाच रुपीस रेक्टा ही ११० किलोमीटर लांब सरळ दरड बघा. तिचा उतार पश्चिमेकडे आहे. शुक्ल नवमीला सूर्य पूर्वेकडून येतो तेव्हा उतार सावलीत, म्हणून काळी रेघ. कृष्ण नवमीला सूर्य पश्चिमेला, उतारावर थेट ऊन, म्हणून तीच रेघ पांढरी. एकाच जागेचे हे दोन फोटो शेजारी ठेवले की पुढचं स्पष्टीकरण लागत नाही. पण त्यासाठी कृष्ण नवमीला पहाटे उठावं लागतं, आणि इथे बहुतेकांची हौस संपते.

कृष्ण पक्षाकडे फोटोवाले फिरकत नाहीत ही माझी जुनी तक्रार. संकष्टीला घरोघरी चंद्रोदयाची वेळ बघितली जाते, चंद्र दिसला की जेवायला बसतात. त्या रात्री, चंद्र पुरेसा वर आल्यावर, टर्मिनेटर ४५ ते ५० अंश पूर्वेच्या आसपास असतो आणि ईशान्येला ॲटलस विवरात सूर्य मावळायला आलेला असतो. जेवण झाल्यावर तासभर गच्चीवर काढा.

चंद्रयान-३ चं उदाहरणही याच हिशेबातलं. त्याचा विक्रम लँडर उतरला २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी, सुमारे ३२ अंश पूर्व आणि ६९ अंश दक्षिणेला. त्या संध्याकाळी शुक्ल सप्तमी चालू होती. म्हणजे उतरण्याच्या जागी सूर्य नुकताच उगवलेला, क्षितिजापासून थोडे अंश वर. सौर पॅनेलला पुढचा चांद्र-दिवस, आपले जवळपास चौदा दिवस, पुरा मिळावा म्हणून ही वेळ. आपण सावल्यांसाठी जी वेळ शोधतो ती अवकाशयानवालेही त्यांच्या कारणांनी शोधतात.

आणखी एक गोष्ट माहीत नसेल तर निराशा होते. या महिन्यात कोपर्निकसवरचा सूर्योदय तुम्हाला रात्री आठला मिळाला, तर पुढच्या महिन्यात तो मिळणार नाही. चांद्रमास २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा. ते वरचे पावणेतेरा तास सगळा खेळ बिघडवतात: पुढच्या वेळी तोच क्षण सकाळी नऊच्या सुमारास येतो, आपल्याकडे चंद्र क्षितिजाखाली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा रात्री, दीड तास उशिरा. म्हणजे एकाआड एक महिना. अष्टमीला ब्लँकिनस, ला काय आणि पर्बाख या विवरांच्या कडा उजळून चार-एक तास इंग्रजी 'एक्स' अक्षर दिसतं, त्याच्या मागे लागलेल्यांना हे चांगलं माहीत असतं. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ बंद. वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच संधी एका विवराच्या वाट्याला येतात, त्या आधीच काढून भिंतीवर लिहून ठेवा.

ऋतूचाही फरक पडतो. मार्च-एप्रिलमध्ये अष्टमी-नवमीचा चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो, हवेचा थर सर्वांत कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोच शुक्ल पक्षातला चंद्र दक्षिणेला खाली कलतो, पण पहाटेचा कृष्ण अष्टमीचा चंद्र उंच असतो. डोक्यावरच्या चंद्राचा तोटा एवढाच की डॉब्सोनियन तिथे नीट वळत नाही, स्टूल सरकवत बसावं लागतं.

हवेबद्दल: चंद्राच्या फोटोला काळोखं आकाश लागत नाही. दादरच्या गच्चीवरूनही तेच विवर दिसतं. लागते ती स्थिर हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री दहापर्यंत तो उष्णता सोडत राहतो. दुर्बीण त्याच्यावर ठेवली की विवर पाण्याखाली असल्यासारखं हलतं. शक्य असेल तर अंगणात, मातीवर किंवा गवतावर मांडा. गच्चीच असेल तर संध्याकाळी पाणी मारा आणि शेजारच्या एसीच्या मशीनवरून चंद्र बघावा लागणार नाही असा कोपरा निवडा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला यायला तेवढा वेळ लागतो. स्वच्छ, तारे लुकलुकणारं आकाश बघून हरखू नका. हिवाळ्यातली धुरकट, वारा पडलेली रात्र चंद्राला जास्त चांगली. आणि आरशांची जुळणी, कोलिमेशन, प्रत्येक वेळी तपासा. निम्मे 'कॅमेऱ्याचे दोष' तिथलेच असतात.

आता कॅमेरा. मोबाईलने सुरुवात जरूर करा. १० मिमी आयपीस, होल्डर, प्रो मोड. एक्सपोजर आणि फोकस हाताने लावा, रॉ (मोबाईलने प्रक्रिया न केलेली) फाइल ठेवा. नाइट मोड, एचडीआर आणि 'सीन ओळखणं' हे तिन्ही बंद. काही मोबाईल चंद्र ओळखतात आणि स्वतःकडचे तपशील भरतात. आपल्याला आजच्या आठ वाजताची सावली हवी आहे, मोबाईलच्या आठवणीतला चंद्र नको. एचडीआर सावलीत उजेड ओततो. चंद्रावर हवा नसल्यामुळे तिथली सावली खरंच काळी असते, समोरच्या भिंतीवरून परतलेला किंचित उजेड सोडला तर. ती काळीच राहू द्या.

एक्सपोजर कशावर ठरवायचं? सावलीवर नाही आणि सगळ्या चंद्रावरही नाही. सूर्यासमोरची आतली पश्चिम भिंत फोटोतली सर्वांत उजळ जागा, ती जळणार नाही अशा बेताने ठेवा. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख, ७०-७५ टक्क्यांपर्यंत. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजळ असतो असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात तो साधारण दहावा हिस्सा असतो आणि टर्मिनेटरजवळ त्याहून मंद. त्यामुळे पौर्णिमेची सेटिंग विसरा. ट्रॅकिंग नसलेल्या डॉब्सोनियनवर शटर एक शतांश सेकंदापेक्षा लांब नको, चंद्र सेकंदाला साडेचौदा आर्कसेकंद सरकतो. त्या रात्रीपुरतं एक्सपोजर एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. तळ हळूहळू उजळत जातो, तेच तर दाखवायचं आहे. दर फोटोला ऑटो लेव्हल मारलीत तर तेच पुसलं जातं.

पुढची पायरी म्हणजे प्लॅनेटरी कॅमेरा, आणि इथे मी तरी रंगीतपेक्षा मोनो (कृष्णधवल) घेईन. त्याच्यावर लाल किंवा इन्फ्रारेड फिल्टर लावला की हवा निम्मी शांत झाल्यासारखी वाटते. २.९ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर असेल तर दुर्बिणीचं एफ-गुणोत्तर (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) १२ ते १५ असावं, म्हणजे तुमच्या १२०० मिलिमीटर फोकल लांबीला दुप्पट किंवा अडीचपट बार्लो (फोकल लांबी वाढवणारं जोडभिंग). दुप्पट बार्लोला एक पिक्सेल पाव आर्कसेकंद होतो आणि कोपर्निकस सेन्सरवर २०० पिक्सेल रुंद येतो. हा आकडा ऐकून हिरमुसू नका, त्यात पुष्कळ दिसतं. (डीएसएलआर बहुतेक डॉब्सोनियनवर बार्लोशिवाय फोकसलाच येत नाही, ते एक कारण बार्लो आधी घेण्याचं.)

फोटो नको, व्हिडिओ घ्या. विवर चौकटीच्या एका कडेला ठेवा, दुर्बीण सोडून द्या, ते सरकत दुसऱ्या कडेला जाईपर्यंत अर्ध्या मिनिटाचं चित्रण मिळतं. असे तीन-चार वेळा. फ्रेम हजार-दोन हजार व्हाव्यात. ऑटोस्टाकर्ट या फ्रेम निवडून एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून चांगल्यातल्या दहा टक्के एकत्र करा. एवढ्यात सावली सरकून चित्र पुसट होईल का, ही शंका रास्त आहे, पण ताशी दहा किलोमीटरचा वेग धरला तरी मिनिटाला एक दशांश आर्कसेकंदही होत नाही. पाच मिनिटांपर्यंत निर्धास्त राहा.

पुढे चित्र धारदार करायला वापरतात त्या रेजिस्टॅक्स सॉफ्टवेअरमधली वेव्हलेटची (शार्पनिंगची) सरकपट्टी मात्र सांभाळा. जास्त ओढली की सावलीच्या कडेला पांढरी दुहेरी रेघ उमटते आणि तळावर नसलेली विवरं उगवतात. शंका आली तर नासाच्या एलआरओ यानाच्या नकाशाशी ताडून बघा.

शेवटचा आणि सर्वांत कटकटीचा भाग: फोटो एकमेकांवर बसवणं. डॉब्सोनियनमध्ये रात्रभरात चित्र फिरत जातं, आणि रात्री बदलल्या की लायब्रेशनमुळे विवराचा लंबगोलही थोडा बदलतो. सॉफ्टवेअरला आपोआप जुळवायला सांगितलंत तर ते सर्वांत ठळक कड पकडतं, आणि ती नेमकी सावलीची असते. मग सावली स्थिर आणि विवर सरकतंय असा उरफाटा सिनेमा तयार होतो. म्हणून जुळवणीचे बिंदू हाताने द्या. विवराबाहेरची, सगळ्या फोटोंत उन्हात असलेली चार लहान विवरं निवडा, त्यांच्यावर फिरवून-ताणून बसवा. उत्तर सगळीकडे वरच ठेवा. कृष्ण पक्षातला फोटो 'बरा दिसतो' म्हणून उलटा करू नका, उजेडाची बाजू बदलली की खड्डे उंचवटे वाटायला लागतात.

एवढं जमलं की सावली मोजायलाही घ्या. सावलीचे पिक्सेल मोजा, किलोमीटर करा, त्या क्षणीच्या सूर्याच्या उन्नतांशाच्या टॅन्जंटने गुणा, कडेची उंची मिळते. गॅलिलिओने १६१० मध्ये याच्या जवळची युक्ती वापरली होती: टर्मिनेटरपलीकडच्या अंधारात उजळलेलं शिखर रेषेपासून किती लांब आहे त्यावरून त्याने चंद्रावरच्या डोंगरांची उंची काढली. प्लेटोच्या सुळक्यांवर करून बघा. एकाच रात्रीच्या चार-पाच फोटोंवरून आलेली उत्तरं एकमेकांच्या जवळ आली तर तुमची वेळेची नोंद, मोजमाप आणि जुळवणी तिन्ही ठीक आहेत असं समजा. उत्तरं ओळीने वाढत किंवा घटत गेली तर बहुधा सावलीचं टोक सपाट तळावर नसून एखाद्या उतारावर पडतंय, नाहीतर घड्याळ चुकलंय. मोबाईलची वेळ कॅमेऱ्याच्या लॅपटॉपशी आधी जुळवून घ्या.